थेंब पडतो तिथेच गळती आहे, हे कोणी सांगितलं?

'बाइकच्या इंजिनातून तेल गळतंय? घरीच बंद करा, पाच सोपे उपाय' असा मेसेज सध्या फिरतोय. माझ्या धाकट्या भावाने तो खरा मानला आणि परवा रात्री त्याचा फोन आला, "दादा, बोल्ट नुसताच फिरतोय."

पहिलाच उपाय होता : थेंब पडतो तिथला ड्रेन बोल्ट (तेल काढायच्या भोकाचा बोल्ट) पान्याला पाइप लावून गच्च आवळा. याच्याइतका घातक सल्ला दुसरा नाही. बोल्ट पोलादी, चेंबर, म्हणजे इंजिनाचा तळाचा तेल साठणारा भाग, ॲल्युमिनियमचा. जोर जास्त झाला की आटे जातात ते चेंबरचे. भावाने बोल्ट काढला तर त्याला ॲल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळून आली होती. ते चेंबरचे आटे! आता भोक मोठं करून हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवायची. प्रत्येक गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये या बोल्टचा टॉर्क, म्हणजे तो किती जोराने आवळायचा ते, छापलेला असतो, लहान इंजिनांना साधारण २० ते ३० न्यूटन-मीटर. म्हणजे अर्ध्या मीटरच्या पाइपाच्या टोकाला जेमतेम पाच किलोचा जोर. भाऊ त्यावर अंगाचा भार टाकून उभा होता. बोल्टखालचा वॉशर दर वेळी नवा घाला, हेही मॅन्युअलमध्येच असतं. मेसेजमध्ये वॉशरचं नावही नाही.

आणि गळती तिथे नव्हतीच. तेल वरून खाली ओघळतं, गाडी पळताना वाऱ्याने मागे सरकतं, आणि सगळ्यांत खालच्या टोकाला थेंब धरतं. भावाच्या गाडीला इंजिनाच्या वरच्या भागातल्या टॅपेटच्या झाकणापासून धूळ धरलेली काळी ओली रेघ थेट ड्रेन बोल्टपर्यंत आली होती. रेघ इतकी स्पष्ट नसेल तर इंजिन डिग्रीझरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रवाने) धुवा, पूर्ण कोरडं करा, टॅल्कम पावडर भुरभुरा आणि इंजिन थोडा वेळ चालू ठेवा. पावडर सगळ्यांत वर जिथे ओली होईल, तिथे गळती.

मेसेजमधला पुढचा उपाय, बाहेरून सिलिकॉन थापणं? तेलकट धातूवर ते धरत नाही, आणि पॅकिंगऐवजी आत भरलं तर तुकडे सुटून तेलाच्या जाळीत अडकतात. जाड तेलाने गळती थोडी मंदावते, एवढं मान्य करतो, पण कडक झालेला सील (तेल अडवणारं रबरी कडं) त्याने मऊ होत नाही. कारसाठीचं गळतीरोधक औषध तर बाइकमध्ये ओतूच नका. बहुतेक बाइकचा क्लच इंजिनच्याच तेलात बुडालेला असतो, म्हणून तर बाइकच्या तेलाला जासो या जपानी मानकाचे एमए, एमए२ असे वेगळे दर्जे आहेत. चुकीचं रसायन पडलं की क्लच घसरायला लागतो.

'जुन्या इंजिनाचं थोडं गळणं चालायचंच' हे शेवटचं. नुसती ओल असेल तर तेलाची पातळी बघत गाडी चालवा, हरकत नाही. पण पुढच्या स्प्रॉकेटमागचा (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकामागचा) सील गळत असेल तर तेल चेनवरून उडून मागच्या टायरवर जातं आणि वळणावर टायर घसरतो. तिथे थोडं-फार काही नसतं, गाडी उभी करायची. आणि सील बदलूनही पुन्हा गळत असेल तर ब्रीदरची, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणारी, नळी चोंदली आहे का ते बघा. आतला दाब बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर नव्या सीलमधूनही तेल येतं.

भावाची गाडी हेलिकॉइलसाठी उभी आहे. टॅपेटच्या झाकणाची नवी ओ-रिंग (गोल रबरी सील) मी आणून ठेवली आहे. जुनी बोटांनी वाकवायला गेलो, तर काडीसारखी मोडली.