प्रायमर चपटा झाला नाही म्हणजे दाब मर्यादेत आहे, असे नव्हे

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी रायफलची काडतुसे घरी भरण्याचा छंद जुना आहे, आणि त्यात नव्याने उतरणाऱ्याला, मग तो तिथला मराठी नेमबाज का असेना, एक सल्ला हटकून ऐकायला मिळतो. काडतुसे भरण्याच्या पुस्तकांतले दारूचे कमाल आकडे कंपन्यांच्या वकिलांनी भीतीपोटी कमी करून घेतलेले असतात. तेव्हा प्रायमर (काडतुसाच्या बुडातली, दारू पेटवणारी छोटी टोपी) चपटा दिसेपर्यंत, म्हणजे दाब फार वाढल्याची खूण मिळेपर्यंत, दारू वाढवत जावी, आणि वाटेत तीन गोळ्यांचा लक्ष्यावरचा सर्वांत लहान गट जिथे पडेल तेच आपल्या रायफलचे लोड (दारू, गोळी वगैरेंची जुळणी) मानावे. (भारतात परवान्याविना काडतुसे बनवणे 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 5 ने निषिद्ध आहे, हे इथल्या वाचकाने ध्यानात ठेवावे.)

वकिलांचा मुद्दा लवकर निकालात निघतो. .308 विंचेस्टर या काडतुसासाठी सामी या अमेरिकी शस्त्र-काडतूस उत्पादकांच्या मानक संस्थेने कमाल सरासरी दाब 62,000 पीएसआय (चौरस इंचाला पौंड) ठरवला आहे, .30-06 या काडतुसासाठी 60,000; आणि पुस्तकातले आकडे दाब मोजणाऱ्या उपकरणांच्या आधारे या मर्यादेशी ताडून ठरवले जातात. दोन पुस्तकांत फरक दिसतो तो नळी, केस (काडतुसाचे पितळी कवच), गोळी आणि दारूचा लॉट (उत्पादनाची खेप) वेगळा असल्यामुळे. आपली रायफल ही तर आणखी एक वेगळी नळी असते, आणि म्हणूनच किमान आकड्यापासून सुरुवात करून थोडेथोडे वर जायचे असते.

खरा धोका प्रायमर पाहून दाब ठरवण्याच्या दुसऱ्या विधानात आहे. प्रायमरचे कवच कोणाचे मऊ, कोणाचे कडक असते. शिवाय चेंबरमध्ये (नळीतल्या काडतुसाच्या खोबणीत) केसला मागेपुढे जास्त मोकळीक असेल, तर साध्या दाबालाही प्रायमर चपटा होतो. म्हणजे हे चिन्ह कधी खोटे असते, तर कधी फार उशिरा येते. बोल्ट (चेंबर बंद करणारा दांडा) उचलताना जड जाणे आणि केसच्या बुडावर इजेक्टरचा (रिकामी केस बाहेर फेकणाऱ्या भागाचा) ठसा उमटणे ही लक्षणे तर पुष्कळदा मर्यादा ओलांडल्यानंतरच दिसतात. ती दिसल्यास थांबावे हे योग्यच, परंतु ती दिसली नाहीत यावरून काहीच सिद्ध होत नाही. त्यापेक्षा गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ अधिक प्रामाणिक साक्ष देतो: तेवढ्याच लांबीच्या नळीतून पुस्तकातल्या कमाल वेगापेक्षा आपली गोळी वेगाने जात असेल, तर दारूचे वजन कितीही कमी असो, दाब वाढला आहे असेच धरून चालावे. जाड भिंतीच्या लष्करी केसमध्ये आतली जागा कमी उरते, गोळी नळीच्या आट्यांना टेकवून बसवली की सुरुवातीचा दाब चढतो, आणि हिवाळ्यात जुळवलेले लोड भर उन्हात वेगळे वागू शकते. एच 4350 आणि आयएमआर 4350 यांची नावे सारखी वाटली तरी त्या दोन निराळ्या दारू आहेत. एकीचे आकडे दुसरीला लावणे हा निव्वळ अविचार होय.

आता तीन गोळ्यांच्या गटाकडे वळू. रायफल आणि लोड यांत काहीही न बदलता दहा गोळ्यांचा गट सरासरीने तीन गोळ्यांच्या गटाच्या सुमारे 1.6 पट मोठा येतो, आणि तीन गोळ्यांच्या गटांची सरासरी एक इंच असेल, तर 0.6 आणि 1.4 इंचांचे गट नेहमीच्या चढउतारातच मोडतात. म्हणून दहा वेगवेगळ्या वजनांची काडतुसे तीन-तीन मारून पाहिली, आणि ती दहाही वजने प्रत्यक्षात सारखीच अचूक असली, तरी त्यांतला सर्वांत लहान गट साधारण अर्ध्या इंचाचा निघेल. नेमबाज त्यालाच रायफलची पसंती समजतो. पुढच्या आठवड्यात ती पसंती नाहीशी होते आणि दोष वाऱ्याला दिला जातो.

पुस्तकाच्या मर्यादेत राहून एक वजन निवडावे, त्याच्या दहा ते वीस गोळ्या माराव्यात आणि सर्वांचा मिळून फैलाव पाहावा. तो समाधानकारक नसेल, तर दारू दशांश ग्रेनने (ग्रेन हे दारू मोजायचे बारीक वजन) मागेपुढे करत बसण्यापेक्षा गोळी किंवा दारूच बदलणे सहसा अधिक फळते. मात्र घटक कोणताही बदलो, अगदी प्रायमरसुद्धा, चढण पुन्हा किमान आकड्यापासूनच सुरू करावी.