शब्दाची वाट आणि शब्दाचा जन्म : एका आक्षेपाला उत्तर

महोदय, ग्रीक पुराणकथांतून जन्मलेल्या इंग्रजी शब्दांवरच्या माझ्या लेखाला दिलेल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. ‘टँटलाइझ’, ‘पॅनिक’, ‘ॲटलस’ हे शब्द इंग्रजीत लॅटिन किंवा फ्रेंचमार्गे आलेले असताना मी त्यांचे नाते थेट ग्रीक पुराणकथांशी जोडले आणि व्युत्पत्तीपेक्षा गोष्टीच्या गोडीला अधिक मान दिला, असा आपला आक्षेप आहे. शब्द कोणत्या वाटेने आला आणि कशातून जन्मला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. माझा लेख दुसऱ्या प्रश्नाविषयी होता.

टँटलस या ग्रीक कथेतल्या शिक्षा भोगणाऱ्या राजाचे नाव इंग्रजांना लॅटिन ग्रंथांतून कळले हे खरे, पण त्यापासून ‘टँटलाइझ’ (हाताशी दाखवून तरसवणे) हे क्रियापद सोळाव्या शतकाच्या अखेरीस घडवले ते इंग्रजीनेच. होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्याच्या अकराव्या सर्गात टँटलस हनुवटीपर्यंत पाण्यात उभा आहे, प्यायला वाकला की पाणी आटते, डोक्यावरच्या डाळिंबांकडे हात नेला की वारा फांद्या वर उडवतो. हा प्रसंग वगळला तर त्या क्रियापदाला अर्थच उरत नाही. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ एकेबर्ग यांनी १८०२ मध्ये एका नव्या धातूला ‘टँटलम’ म्हटले, तेही याच प्रसंगावरून, कारण त्याचे ऑक्साइड भरपूर आम्लात बुडवून ठेवले तरी आम्ल शोषून घेत नव्हते. पुढे १८४४ मध्ये हाइनरिख रोझे यांनी टँटलमसोबतच सापडणारे एक मूलद्रव्य वेगळे ओळखले आणि त्याला टँटलसच्या मुलीचे, निओबीचे, नाव दिले. त्याच मूलद्रव्याचे १८०१ मधले ‘कोलंबियम’ हे नाव अखेर मागे पडले आणि बापलेकीची जोडी टिकली, याची मला तरी गंमत वाटते.

‘पॅनिक’ (घबराट) फ्रेंचमधून आला, हेही मान्य. मात्र पॅनमुळे वाटणाऱ्या भयाची कल्पना ग्रीकांचीच आहे. पॅन हा मेंढपाळांचा, डोंगररानातला देव. निर्जन जागी काहीही कारण दिसत नसताना कळप उधळला, तर ती करणी त्याची मानली जाई. कारणावाचून पसरणारी घबराट हा अर्थ त्या शब्दाने अजून सोडलेला नाही.

‘ॲटलस’च्या बाबतीत मात्र आपल्या म्हणण्याला वजन आहे. नकाशाकार मर्केटरच्या १५९५ च्या नकाशासंग्रहाला ते नाव मिळाले, तेव्हा त्याच्यासमोर होता उत्तर आफ्रिकेतल्या प्राचीन मॉरिटेनियाचा विद्वान राजा ॲटलस. ग्रीक कथेतला, खांद्यावर आकाश पेलणारा टायटन (देवांच्या आधीच्या पिढीतला महाकाय) नव्हे. तरीही हा राजा त्या टायटनच्याच कथेला इतिहासाचा पेहराव चढवून उभा केलेला असल्यामुळे त्याला लेखातून काढण्याची गरज मला वाटत नाही.

राहता राहिली ‘सीरिअल’ (तृणधान्य) आणि ‘व्होल्कॅनो’ (ज्वालामुखी) हे शब्द लेखातून वगळल्याची तक्रार. धान्याची देवी सेरेस आणि अग्नीचा देव व्हल्कन या रोमन देवता. रोमनांनी त्यांची सांगड डिमीटर आणि हिफेस्टस या ग्रीक देवतांशी घातली असली, तरी हे शब्द रोमन नावांवरूनच बनले. लॅटिनमार्गे आलेल्या शब्दांना ग्रीक म्हणू नये असा आग्रह धरायचा आणि मुळातच लॅटिन असलेले हे दोन शब्द ग्रीकांच्या पंक्तीला बसवायचे, या दोन्ही गोष्टी एकाच प्रतिक्रियेत कशा जमाव्यात?