मिठी म्हणे परदेशी!

दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर एक मेसेज आला. दोन दिवसांत तोच भावकीच्या ग्रुपवर दिसला, मग सोसायटीच्या. म्हणणं थोडक्यात असं: पुरुषाने पुरुषाला मिठी मारणं, हात धरून चालणं आपल्यात नव्हतं, हे परदेशातून वेब सिरीजमधून आलं, आपला रांगडा गडी लांबून रामराम घालतो, आणि पोरांना वेळीच आवरलं नाही तर ती पुढे 'तसली' निघतील.

एकेक घेऊ.

'आपल्यात नव्हतं.' दसऱ्याला सोनं देताना थोरामोठ्यांच्या पाया पडतो, बरोबरीच्याला मिठी मारतो. हा मेसेज टाकणारा गेल्या दसऱ्याला माझ्या दारात तेच करून गेला. वारीत दोन वारकरी भेटले की आधी एकमेकांच्या पायाला हात, मग उराउरी भेट. वय, हुद्दा कुणी विचारत नाही. पंढरपूरच्या अलीकडे टप्प्यावर ज्ञानेश्वर आणि सोपानदेवांच्या पालख्या भेटतात, त्या सोहळ्याचं नावच बंधुभेट. 1296 साली ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली, त्या प्रसंगाचे नामदेवांच्या नावावरचे अभंग वाचून बघा. भावाच्या आणि मित्राच्या वियोगाने ढसाढसा रडणारे पुरुष आहेत त्यात, आणि त्यांचं रडणं आपण सातशे वर्षं कीर्तनात ऐकतो आहोत.

आणि रांगडेपणाच काढायचा असेल तर प्रतापगड घ्या. 10 नोव्हेंबर 1659 ला अफजलखानाने भेटीसाठी हात पसरले. भेटीत आलिंगन द्यायचा रिवाज होता, म्हणून तर तो डाव टाकता आला. लांबून रामराम घालायची पद्धत असती तर वाघनखांचं काय काम होतं?

'रांगडा गडी लांब राहतो.' हे लिहिणाऱ्याने तालमीत पाऊल टाकलेलं नसावं. हौदातली माती तेल, ताक, हळद घालून मऊ केलेली. पहाटे जोर-बैठका झाल्या की एक पालथा पडतो आणि दुसरा त्याची पाठ, मांड्या, पिंढऱ्या रगडतो. कोपराने खांद्याची गाठ मोडतो. मग पाळी बदलते. वस्ताद कोपऱ्यात बसून कुणाचा हात हलका पडतोय ते बघत असतो. कुस्तीत हरलेल्याला जिंकणारा उचलून छातीशी धरतो, तेव्हा मैदानातलं कुणी तोंड फिरवत नाही. बाकी लोकलमध्ये अनोळखी माणसाच्या खांद्यावर डोकं टाकून झोपणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

'पाश्चात्त्यांकडून आलं.' इथे गाडी उलटी धावते आहे. 2005 च्या एप्रिलमध्ये टेक्सासमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बुश सौदीच्या युवराज अब्दुल्लांचा हात धरून चालले, तर थट्टा कुणी केली? अमेरिकेतल्यांनीच. सौदीत त्यात काही विशेष नव्हतं. खुद्द तिकडेही हे कायम असं नव्हतं. एकोणिसाव्या शतकातले स्टुडिओतले फोटो पाहिले तर साधेसुधे मित्र हातात हात घालून, कधी मांडीवर बसून खुशाल फोटो काढून घेताना दिसतात. 1895 मध्ये लेखक ऑस्कर वाइल्डला पुरुषांशी असलेल्या संबंधांबद्दल लंडनच्या कोर्टाने दोन वर्षांची सक्तमजुरी दिली, आणि पुढच्या काही दशकांत तिथल्या पुरुषांमधलं अंतर वाढत गेलं. आपल्याकडे समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम 377 इंग्रजांच्याच दंडसंहितेतलं होतं, 1860 सालचं. पुरुषाच्या जवळिकीकडे पोलिसाच्या नजरेने बघायला आपण कुणाकडून शिकलो, हे त्यावरून कळावं.

आता मेसेजचा खरा काटा: 'तसले'. इथे बरेच जण घाईघाईने सांगतात, छे छे, आम्ही नुसते मित्र आहोत. मला हे उत्तर पटत नाही. मिठीने कुणी समलिंगी होत नाही आणि मिठी टाळून कुणाचं असणं पुसलंही जात नाही. सप्टेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले. दोन पुरुष प्रेमात असतील तर असोत, तो बोट दाखवायचा विषय नाही. 'तसले' ही शिवी जोवर शिवी राहील तोवर नुसत्या मित्रांचाही हात आखडलेलाच राहणार.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. जुना काळ फार मोकळा होता असं नाही. पुरुषाच्या गळ्यात पुरुषाचा हात चालायचा, नवऱ्याने बायकोचा हात चारचौघांत धरला की कुजबुज व्हायची. आणि जात आड आली की मिठीही पारावरच अडायची. चंद्रभागेच्या वाळवंटात भेटणारे गावात पुन्हा आपापल्या आळीत.

माझे वडील आणि त्यांचे एक दोस्त, गावातले शिंपी, बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडपासून करंगळीत करंगळी अडकवून चालत यायचे. दुसऱ्या हातात पिशव्या. भाव, पाऊस, कुणाची सोयरीक, सगळं चालता चालता. मध्ये कुणी भेटलं तर थांबून बोलायचे, पण करंगळी सुटायची नाही. त्यांना कुणी काही म्हटल्याचं मला आठवत नाही.

भाचा सातवीत आहे. मागच्या महिन्यात तो मित्राच्या खांद्यावर हात टाकून शाळेतून येत होता. कोपऱ्यावरच्या पानटपरीवरून कुणीतरी काहीतरी बोललं, चारजण हसले. काय बोलले ते तो अजून सांगत नाही. हल्ली दोघं येतात बरोबरच, पण मध्ये सायकल धरून.