रिझर्व्हला टाकली आणि बंद पडली

साताऱ्यात पोवई नाक्यावरून आत वळलं की एक चहाचा गाडा लागतो. त्याच्या समोरच्या बंद दुकानाची पायरी म्हणजे आमचा कट्टा. दुकान सातला बंद होतं, आम्ही सव्वासातला उघडतो. ऑगस्टातल्या त्या संध्याकाळी मी तिथं पोचलो तो गाडी ढकलत. रेनकोटच्या आतून घाम आणि बाहेरून पाऊस.

गाडी म्हणजे वडिलांची २००९ सालची स्प्लेंडर. एमएच ११. पंधरा वर्षं भरली म्हणून २०२४ साली पासिंग करून घेतली, ग्रीन टॅक्स भरला, नंतर ती नवी नंबरप्लेट आली तर साडेचारशे अधिक जीएसटी तेही भरले. एवढं करून ही बया रस्त्यात बसली म्हटल्यावर माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

"काय लका, व्यायाम का?" बाळ्यानं स्वागत केलं.

"रिझर्व्हला टाकली आणि दहा मिनिटांत बंद. पेट्रोल आहे आत. हलवून बघ, आवाज येतोय."

मी एवढंच बोललो. खरं तर उत्तर या वाक्यातच होतं, पण कट्ट्यावर उत्तर ऐकायला कोण बसलेलं असतं? पुढचा पाऊण तास माझ्या गाडीकडं एकानंही वळून पाहिलं नाही. सगळे आपापल्या गाडीचंच बोलत होते.

पहिला उठला दीपक. त्याची बीएस-६ची नवी गाडी, हप्ते अजून चालू. "विकून टाक ती डबडी. कार्बोरेटर, चोक, कॉक... हे आता संग्रहालयात ठेवायचं सामान. माझ्या गाडीला बटण दाबायचं, बास. एप्रिल २०२० नंतर बहुतेक गाड्यांना फ्युएल इंजेक्शन आलंय."

"आणि जूनमध्ये बॅटरी बसली तेव्हा बॉम्बे रेस्टॉरंटपासून कुणी ढकलत आणली रे?" बाळ्या म्हणाला. "मीच होतो मागं."

"ती अडचण बॅटरीची होती."

"मग इंजेक्शनला करंट काय एमएसईबीतनं येतो?"

यावर मिस्त्री पहिल्यांदा हसले. मिस्त्रींचं गॅरेज दोन गल्ल्या सोडून आहे. दिवसभर गाड्यांत हात घातल्यावर संध्याकाळी गाडीवर बोलायचं नाही असा त्यांचा नेम. तो ते रोज मोडतात.

"दीपक, तुझ्या गाडीचा पेट्रोल पंप टाकीच्या आत असतो. पेट्रोलातच बुडून गार राहतो तो. तू कायम शेवटच्या काडीवर फिरवतोस. एक दिवस तो पंप जाईल, आणि त्याचं बिल बघून तुला हीच डबडी बरी वाटंल."

मग गुरुजी. जिल्हा परिषद शाळेत पंचवीस वर्षं. खिशात छोटी वही, तिच्यात दर वेळी टाकी फुल्ल केल्याची तारीख, लिटर आणि किलोमीटर. आमच्यात आकडे असलेला माणूस हा एकच, त्यामुळं तो बोलायला लागला की बाकीच्यांना आवाज चढवावा लागतो.

"तुमचं सगळ्यांचं दुखणं एकच आहे. पेट्रोलात मिसळलेलं वीस टक्के इथेनॉल. माझी गाडी बासष्टच्या खाली कधी आली नव्हती, आता सत्तावन्न. जुन्या गाड्यांचे रबर फुगतात, टाकी आतून गंजते, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. याची गाडी त्यानंच बंद पडली, लिहून देतो."

झालं. बाळ्याचा कोरेगावकडं चार एकर ऊस आहे.

"गुरुजी, ऊस तोडून नेल्यावर कारखाना चौदा दिवसांत पैसे द्यायला बांधील असतो. माहितीय? आणि पूर्वी कधी मिळायचे तेही माहितीय? इथेनॉलचा पैसा कारखान्याला लवकर मिळतो म्हणून आमचा हप्ता हलतो. २०२३च्या डिसेंबरात सरकारनं उसाच्या रसाचं इथेनॉल थांबवलं तेव्हा तुमच्यातला एक जण तरी बोलला का? तुमचं लिटरमागं पाच किलोमीटर गेलं तर वही काढली."

"अरे, पण आता उसापेक्षा मक्याचंच इथेनॉल जास्त असतं," दीपकनं तेल ओतलं.

"मका काय तुझ्या टेरेसवर पिकतो?"

मला स्वतःला यात बाळ्याचं म्हणणं पटत होतं आणि माझी गाडी मात्र गुरुजींच्या बाजूची होती. साताऱ्यात राहून उसाविरुद्ध बोलणं अवघडच.

पण गुरुजींच्या सत्तावन्नला मिस्त्रींनी हात घातला. "गुरुजी, हिशेब तुमचाच धरू. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शानं ताकद कमी. शंभरात वीस इथेनॉल, त्याचा तिसरा हिस्सा साडेसहा-सात. म्हणजे लई झालं तर शंभराला सात जाणार. बरोबर?"

"नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालात दुचाकीला तीन ते चार टक्के म्हटलंय," गुरुजी प्रामाणिक माणूस, स्वतःच्या विरुद्धचा आकडाही सांगतात. "दहा टक्क्यांसाठी बसवलेल्या इंजिनाला."

"म्हणजे बासष्टचे साठ, फार तर अठ्ठावन्न. सत्तावन्न कसे? वरचं कुणी खाल्लं?"

असं म्हणून मिस्त्री उठले आणि गुरुजींच्या गाडीच्या मागच्या चाकाला अंगठा लावला. नुसता लावला, तर टायर आत गेला. "हवा कधी भरली?"

"मागच्या महिन्यात... नाही, गॅदरिंगच्या वेळी."

गॅदरिंग जानेवारीत असतं. कट्ट्यावर जो दंगा झाला तो लिहिण्यात अर्थ नाही. मिस्त्रींनी चेनकव्हरवरचं ते रबरी बूच काढलं, आत बोट घातलं. "खालून वर उचलली तर चेन अडीच-तीन सेंटिमीटर हलली पाहिजे. ही बघा, तंबोऱ्याची तार. कुणी आवळली?"

"आवाज येत होता म्हणून मीच..."

"आवाज सुकल्यामुळं येत होता. तेल घालायचं सोडून तुम्ही आवळली. आता ही स्पॉकेट खाणार, आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण देणार. माणूस बसला की चेन अजून ताणते, म्हणून ढिलाई ठेवायची असते. आवाज आला की आवळायचं, हे लग्नात चालत नाही, गाडीत कसं चालंल?"

चेनच्या बाबतीत मला एक सांगायचंच आहे. आमच्याकडं पावसाळ्यात चारशे-पाचशे किलोमीटरला चेन धुवावी लागते, आणि ती धुतो कोण? मी मेढ्याला रोज जातो, तिकडच्या रस्त्यावरचा लाल चिखल चेनीत जाऊन बसतो आणि कानशीसारखा घासत राहतो. रॉकेल किंवा डिझेलनं ब्रश मारायचा, पुसून सुकवायचं, मग नव्वद नंबरचं गिअर ऑइल थेंब थेंब सोडत चाक उलटं फिरवायचं. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चाक फिरवत तेल घालणारे महाभाग मी पाहिलेत. त्यातल्या एकाचं बोट अर्धं आहे. वीस मिनिटांचं काम. मी ते गेल्या तीन वर्षांत किती वेळा केलं हे मला इथं कुणी विचारलं नाही, हे नशीब.

इंजिन ऑइलवरही थोडी झटापट झाली, पण तिच्यात दम नव्हता, कारण बाळ्या त्यात आधीच पोळलाय. भावाच्या कारचं उरलेलं तेल त्यानं आपल्या मोटरसायकलमध्ये घातलं होतं. मोटरसायकलच्या क्लचप्लेटा इंजिनाच्याच तेलात बुडलेल्या असतात, आणि कारच्या तेलात घर्षण कमी करायची औषधं असतात. यवतेश्वरच्या घाटात बाळ्या एक्सलरेटर पिळतोय, इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागची हलत नाही. तेव्हापासून तो बाटलीवर 'जासो एमए', म्हणजे अशा ओल्या क्लचला चालणाऱ्या तेलाची खूण, बघितल्याशिवाय पैसे देत नाही.

"आता माझं बघता का कुणी?" मी शेवटी ओरडलो.

मिस्त्री म्हणाले, "तू आल्या आल्या काय म्हणालास? रिझर्व्हला टाकली आणि बंद पडली. रिझर्व्हला टाकल्यावर पेट्रोल कुठनं येतं?"

"टाकीच्या तळातनं."

"आणि पाणी कुठं बसतं?"

मी गप्प. कॉक 'ऑन'वर असतो तेव्हा पेट्रोल उभ्या नळीतून, जरा वरून येतं. रिझर्व्हचं भोक पार तळाशी. महिनाभर पाणी तळाशी निवांत बसलेलं, आणि आज मीच त्याला वाट करून दिली.

"एक ग्लास आण. आणि गाडी तिकडं घे, पलीकडं. इथं स्टोव्ह पेटलाय."

गाडी रस्त्याच्या पलीकडं नेली. मिस्त्रींनी कार्बोरेटरच्या वाटीखालचा छोटा स्क्रू ढिला केला, नळीचं टोक चहाच्या ग्लासात धरलं आणि कॉक सोडला. अर्धा ग्लास भरला. उजेडात धरला तर वर पेट्रोल आणि खाली करंगळीएवढा गढूळ थर, त्यात तांबूस गंज.

सगळे एकदम बोलले.

"बघा! इथेनॉलनं ओढलेलं पाणी!" गुरुजी.

"बघा! पावसाचं पाणी!" बाळ्या.

एकच ग्लास, दोघंही जिंकलेले. मिटेना म्हणून गुरुजींनी दुसरा ग्लास मागवला. दीपकच्या टाकीतनं दोन बोटं चांगलं पेट्रोल घेतलं (दीपकची परवानगी नंतर घेतली), त्यात अर्धं बोट पाणी घातलं, वर तळहात दाबून हलवलं आणि फळीवर ठेवलं. वर्गात बसल्यासारखे आम्ही ग्लासाभोवती. दोन मिनिटांत थर वेगळे झाले. खालचा थर अर्ध्या बोटाचा जवळजवळ एक बोट झालेला.

"नुसतं पेट्रोल पाण्याला जवळ करत नाही," गुरुजी म्हणाले. "इथेनॉल करतं. थोडं पाणी असेल तर पोटात घेऊन इंजिनात जळूनही जातं. जास्त झालं की इथेनॉल पेट्रोलला सोडतं आणि पाण्याबरोबर तळाला जाऊन बसतं. याच्या कार्बोरेटरात नुसतं पाणी नव्हतं, दोघं मिळून होते."

"मान्य," बाळ्या म्हणाला. "पण हवेतनं एवढं पाणी येतं? करंगळीभर?"

तेव्हा मिस्त्रींनी माझ्या टाकीचं झाकण उघडून दाखवलं. झाकणाखालचं रबरी वायसर वाळून चामड्यासारखं झालेलं, एका बाजूला चीर. भोवतीच्या खोबणीतलं पाणी बाहेर जायचं भोक चिखलानं बुजलेलं. पावसात गाडी उघड्यावर उभी राहिली की खोबणीत डबकं साचणार आणि चिरेतून टाकीत उतरणार.

"मग रबर कडक कशानं झालं? इथेनॉलनंच," गुरुजी.

"सोळा वर्षांत तुमचा गुडघा कडक झाला तो कशानं झाला?" बाळ्या.

मिस्त्री दोघांकडं लक्ष न देता कॉकची नळी काढून टाकीचा तळ रिकामा करत होते. मला म्हणाले, "वायसर उद्या घेऊन जा. भोक आत्ता तारेनं मोकळं कर. पावसाळाभर टाकी निम्म्याच्या वर ठेव, रिकाम्या जागेत दव धरतं. रिझर्व्हची सवय सोड." मग प्लग काढून बघितला, काळा नव्हता, परत लावला. पेट्रोलपंपावरनं बाटली आणायला दीपक गेला. बाटलीत देत नाहीत म्हणून हात हलवत परत आला. शेवटी त्याच्याच टाकीतनं पुन्हा लिटरभर काढलं. या खेपेला परवानगी आधी घेतली.

चौथ्या किकला गाडी चालू झाली. दीपक म्हणाला, बटण असतं तर एकदाच दाबावं लागलं असतं. कुणी उत्तर दिलं नाही.

चहावाला मात्र पलीकडून चालत आला होता. त्यानं दोन्ही ग्लास नाकाशी धरले, तोंड वाकडं केलं आणि हात पुढं केला. "दोन ग्लास, चाळीस रुपये. हे आता धुऊन वास जायचा नाही."

"पहिला गाडीवाल्याचा," गुरुजी म्हणाले.

"दुसरा ज्यानं शाळा भरवली त्याचा," बाळ्या म्हणाला.

"अरे, पण इथेनॉल तुझं ना?"

चाळीस रुपये मिस्त्रींनी दिले आणि दुसऱ्या दिवशी वायसरच्या बिलात लावले.