एफटी८ हा रेडिओच आहे

एफटी८ म्हणजे संगणकाच्या मदतीने सुरांच्या रूपात छोटे संदेश रेडिओवरून पाठवण्याची आणि वाचण्याची पद्धत. तिच्याबद्दल हौशी रेडिओवाल्यांमध्ये एक मजकूर हातोहात फिरतो आहे: ‘एफटी८ म्हणजे रेडिओ नव्हे. दोन संगणक इंटरनेटवरून बोलतात, ऐकू न येणारा सिग्नल सॉफ्टवेअर मनानेच रचतं, ऑपरेटर नुसतं बटण दाबतो, आणि यानेच मोर्स संपवला.’ हे वाचून नवी मंडळी या वाटेला फिरकत नाहीत, म्हणून उत्तर द्यायला हवं.

इंटरनेटचं आधी संपवू. रिसीव्हरमधला आवाज साउंड कार्डातून संगणकात येतो आणि उत्तराचे सूर त्याच वाटेने ट्रान्समीटरकडे जातात. मधला सगळा प्रवास अँटेना ते अँटेना, हवेतून. पाठवायची आणि ऐकायची प्रत्येक पाळी १५ सेकंदांची असल्यामुळे घड्याळ बिनचूक असावं लागतं; ते बहुतेक जण नेटवरून जुळवतात, पण जीपीएसवरूनही जुळतं. नेटची तार काढून ठेवा, क्यूएसओ, म्हणजे दोन स्टेशनांमधला संपर्क, तरीही पूर्ण होतो.

सॉफ्टवेअर सिग्नल ‘रचतं’ हा आरोप मात्र नीट तपासायला हवा. उणे २१ डेसिबलचा, म्हणजे गोंगाटापेक्षा कितीतरी क्षीण, सिग्नल वाचला म्हटलं की ही जादूच वाटते. पण तो आकडा २५०० हर्ट्झ रुंदीतल्या गोंगाटाशी तुलना करून काढलेला असतो. एफटी८चा सिग्नल जेमतेम ५० हर्ट्झ रुंद. त्याच्या वाट्याला गोंगाटाचा पन्नासावा भाग येतो, म्हणजे १७ डेसिबल कमी. उरतात उणे ४. ही तूट भरून निघते ती कोडिंगमुळे: संदेश ७७ बिटांचा, पडताळणीचे १४ बिट आणि चुका दुरुस्त करणारे आणखी ८३, असे १७४ बिट हवेत जातात. पडताळणी जुळली नाही तर ओळ पडद्यावर येतच नाही. क्वचित खोटी ओळ येते, हे मान्य. विशेषतः अपेक्षित कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव) गृहीत धरून प्रोग्राम अंधूक सिग्नल वाचतो तेव्हा. पण अशा ओळीपुढे तो तशी खूणही करतो. २०१७ साली ही पद्धत जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी आणली. टेलर हे जोड-पल्सारच्या शोधासाठी १९९३चं नोबेल मिळालेले खगोलशास्त्रज्ञ. गोंगाटातून क्षीण सिग्नल वेगळा काढणं हेच त्यांचं आयुष्यभराचं काम.

आता ‘नुसतं बटण’. सुरुवातीला मी ८०० हर्ट्झच्या सुरावर सीक्यू (‘कोणी आहे का’ अशी सर्वांना हाक) देत होतो. एका ऑपरेटरने कळवलं की १६०० आणि २४०० वरही माझंच कॉलसाइन दिसतंय. साउंड कार्डाचा आवाज चढा होता, रिगचा (रेडिओ संचाचा) एएलसीचा, म्हणजे पातळी आपोआप आवरणाऱ्या सोयीचा, काटा वर गेलेला, सुराची दुप्पट-तिप्पटही हवेत जात होती, आणि माझ्या एका सुराने तिघांची जागा अडवली होती. काटा खाली बसेपर्यंत आवाज उतरवला आणि सूर १५००च्या वर नेला, म्हणजे त्याची दुप्पट ३०००च्या पुढे, रिगच्या फिल्टरबाहेर पडते. सॉफ्टवेअरमधली स्प्लिटची सोय सूर असा वर ठेवण्याचं काम आपोआप करते, पण पातळी स्वतःच बघावी लागते. अँटेना कुठे टांगायची आणि कोणता बँड (लहरींचा पट्टा) कधी उघडेल, हेही कुठलं बटण सांगत नाही.

मोर्सची तर तारीखच जुळत नाही. एचएफसाठी (लघुलहरींसाठी) मोर्स परीक्षेची आंतरराष्ट्रीय सक्ती २००३च्या जागतिक रेडिओ परिषदेत उठली, एफटी८च्या १४ वर्षं आधी. ज्यांना मोर्स आवडतो ते आजही रोज बँडवर आहेत.

एक गोष्ट मात्र टीकाकारांची खरी आहे. एफटी८मध्ये गप्पा होत नाहीत. कॉलसाइन, ग्रिड (ठिकाणाचा नकाशा-चौकोन), रिपोर्ट (सिग्नल किती जोराचा आला ते), निरोप; मोकळा मजकूर लिहायचा तर फक्त १३ अक्षरं. मलाही ते कधी कधी कोरडं वाटतं. अशा वेळी मी पीएसके३१ ही टाइप करून गप्पा मारायची पद्धत लावतो. पीटर मार्टिनेझ या हौशी रेडिओवाल्याची ही पद्धत १९९८च्या सुमारास आली. समोरचा टाइप करतो तसतशी त्याची अक्षरं एकेक करून पडद्यावर उमटतात, खोडलेलीसुद्धा. आणि तीही चालते साउंड कार्डावरच.