हॅश टेबलने क्रम राखावा, आणि त्याची किंमत सांगितली जाते तेवढी नाही

‘हॅश टेबलला क्रम नसतोच. तो राखायला लावला की मेमरी आणि वेग दोन्ही जातात, शिवाय प्रोग्रामरला वाईट सवय लागते. ज्याला क्रम हवा त्याने वेगळा प्रकार वापरावा.’ पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या डिक्शनरीचा (की, म्हणजे नाव, दिलं की त्याची व्हॅल्यू परत देणाऱ्या हॅश टेबलाचा) विषय निघाला की हा दावा हमखास येतो, चांगल्या अनुभवी लोकांकडूनही. मला तो पटत नाही. सर्वसाधारण वापराच्या भाषेत नेहमीच्या डिक्शनरीने नोंदी टाकल्या त्याच क्रमाने परत द्याव्यात.

आधी मेमरी. क्रम राखायचा म्हणजे सोबत लिंक्ड लिस्ट (प्रत्येक नोंदीत शेजारच्या नोंदींचे पत्ते, म्हणजे पॉइंटर, ठेवणारी साखळी) आली, असं धरून चालतात. जावाच्या लिंक्डहॅशमॅपमध्ये तसं आहेही: प्रत्येक नोंदीला मागचा आणि पुढचा असे दोन जादा पॉइंटर. पण तो एकच मार्ग नाही. पायथनच्या मुख्य विकासकांपैकी एक, रेमंड हेटिंगर यांनी डिसेंबर 2012 मध्ये पायथनसाठी नवी मांडणी सुचवली, ती मुळात मेमरी वाचवायला. क्रम ओघाने मिळाला. जुन्या मांडणीत हॅश (कीवरून काढलेला, टेबलातली जागा ठरवणारा आकडा), की आणि व्हॅल्यू मिळून 24 बाइटची नोंद थेट विरळ टेबलात बसायची. टेबलाचा निदान एक तृतीयांश भाग रिकामा ठेवावाच लागतो, आणि ती प्रत्येक रिकामी जागाही 24 बाइट अडवायची. नव्या मांडणीत ग्रंथालयासारखं चालतं: पुस्तक दाखल नोंदवहीत आल्या क्रमाने चढतं, कार्डावर फक्त दाखल क्रमांक. नोंदी एका सलग ॲरेत, विरळ टेबलात नुसते त्यांचे क्रमांक. आठ जागांच्या सर्वांत लहान टेबलाला आधी 8 × 24 म्हणजे 192 बाइट लागत. आता क्रमांकांचे 8 आणि पाच नोंदींचे 120, एकूण 128. पायपाय या पायथनच्या पर्यायी अंमलबजावणीने हे आधी उचललं, सीपायथन या मूळ अंमलबजावणीत ते 3.6 आवृत्तीत (डिसेंबर 2016) आलं, आणि 3.5 च्या मानाने डिक्शनरीची मेमरी 20 ते 25 टक्के कमी झाली. क्रम राखून.

वेगाच्या बाबतीत दाव्यात थोडं तथ्य आहे. शोधताना मेमरीत एक उडी जास्त मारावी लागते. उलट सगळ्या नोंदींवरून फिरताना रिकाम्या जागा ओलांडाव्या लागत नाहीत. खरा फटका बसतो तो सतत पहिलीच नोंद काढत राहिलं तर, कारण काढलेल्या नोंदींची भोकं दर वेळी चालून पार करावी लागतात. रस्ट किंवा सी++ मध्ये, जिथे एकेक नॅनोसेकंद मोजला जातो, तिथे मी हा आग्रह धरणार नाही.

क्रम स्थिर ठेवला की सुरक्षितता जाते, असा सुरक्षिततेचा मुद्दा मात्र लोक उलटा मांडतात. 2011 च्या अखेरीस दाखवलं गेलं की मुद्दाम निवडलेली फॉर्म-फील्डची नावं पाठवून सगळ्या कीज एकाच ठिकाणी आदळवता येतात आणि सर्व्हर ठप्प करता येतो. म्हणून पायथन 3.3 पासून (2012) स्ट्रिंगच्या हॅशला दर रनला वेगळं रँडम बीज (हॅश काढताना मिसळायचा आकडा) मिळतं. जुन्या मांडणीत त्यामुळे क्रमही दर रनला बदलायचा. नव्या मांडणीत क्रम हॅशवर अवलंबूनच नाही. बीज गुप्त आणि रँडम, क्रम मात्र स्थिर.

वाईट सवयीसाठी, म्हणजे क्रमावर विसंबून राहण्यासाठी, गो भाषेचा दाखला देतात: तिथे मॅपवरून (गोमधल्या डिक्शनरीवरून) फिरण्याचा क्रम मुद्दाम विस्कटलेला असतो. त्या निर्णयाबद्दल मला आदर आहे, कारण जे वचन दिलं नाही ते कोणी गृहीत धरू नये याची सोय त्यात आहे. पण त्याच गोने 1.12 आवृत्तीपासून (2019) मॅप छापताना कीज क्रमाने लावून छापायला सुरुवात केली, टेस्ट सोप्या व्हाव्यात म्हणून. म्हणजे स्थिर आउटपुटची गरज तिथेही होती. सर्वांत घातक अवस्था तिसरीच: वचन नाही, पण रोज तोच क्रम येतो. मग कोड नकळत त्यावर उभा राहतो आणि आवृत्ती बदलली की टेस्ट पडतात. पायथन 3.6 नेमकं तिथेच होतं: क्रम प्रत्यक्षात मिळत होता, दस्तऐवज म्हणत होते विसंबू नका. डिसेंबर 2017 मध्ये पायथनचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी निकाल दिला आणि 3.7 पासून (जून 2018) क्रम हा भाषेचा नियम झाला. ते योग्यच झालं.

‘वेगळा प्रकार आहेच की’ हे उत्तर तेव्हाच पुरतं, जेव्हा डिक्शनरी आपण स्वतः बनवतो. क्रम बहुतेकदा हरवतो तो दुसऱ्याच्या कोडमध्ये. जेसन (माहिती मजकुराच्या रूपात साठवायची पद्धत) फाइल वाचली, एक आकडा बदलला, परत लिहिली; फील्ड इकडेतिकडे गेली आणि कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिटच्या डिफमध्ये (बदलांच्या यादीत) अख्खी फाइल लाल-हिरवी. जेसनच्या व्याख्येत ऑब्जेक्टला क्रम नाही, हे खरं. पण ती फाइल माणूस वाचतो, आणि त्याने लिहिलेला क्रम लायब्ररीने फेकून द्यायचं काही कारण नाही.

यात डिक्शनरीचा अर्थही बिघडत नाही. त्याच नोंदी वेगळ्या क्रमाने असलेल्या दोन डिक्शनरी पायथनमध्ये आजही समान ठरतात. समानता तपासताना क्रमही धरायचा असेल, किंवा नोंदी सारख्या पुढे-मागे हलवायच्या असतील, तर ऑर्डर्डडिक्ट हा पायथनमधला वेगळा प्रकार तिथेच आहे, आणि त्या कामासाठी तोच वापरावा.