इंदूर–मुंबई विमान ४० मिनिटांत पोहोचत नाही

इंदूरच्या रामबाग, राजेंद्रनगरकडच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘इंदूर–मुंबई ५०५ किमी, विमानाचा वेग ताशी ८००, म्हणजे ४० मिनिटांत मुंबई.’ अंतर बरोबर आहे, पण ते हवाई. गाडीने सेंधवा, धुळे, नाशिक करत गेलात तर ६०० च्या आसपास भरतं.

गणित चुकतं ते वेगापाशी. ताशी ८०० हा पुरेसं वर गेल्यावरचा वेग, आणि एवढ्याशा मार्गावर तो थोडाच वेळ मिळतो. मुंबईच्या दीड-दोनशे किलोमीटर आधीच विमान खाली यायला लागतं. त्यात मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून त्या एकाच वेळी वापरता येत नाहीत. गर्दीत कधीकधी वरच घिरट्या घालाव्या लागतात. शिवाय तिकिटावरची वेळ विमान इथल्या जागेवरून हलल्यापासून मुंबईत जागेवर उभं राहीपर्यंतची असते. सव्वा ते दीड तास धराच.

लग्नसराईत या मेसेजवर विसंबून मुहूर्त गाठायला निघणाऱ्यांची मला खरंच काळजी वाटते. चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतात. वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर दोन तास आधी विमानतळावर पोहोचा.